विरजणाची उतरंड

"सोनटक्के, तुमच्या मशीननं माझं विरजण खाल्लं."

घुगरेमामा संगणक कक्षाच्या दारात उभे होते. एरवी देवघरात शिरल्यासारखा चपला बाहेर काढून येणारा माणूस. आज चपला पायातच होत्या. हातात कालचं दिवसपत्रक होतं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो लांबलचक कागद त्यांनी माझ्या टेबलावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

विरजणासाठी दही : ०.

"काल जत्रेला गेलो. सव्वीस वर्षांत पहिली रजा. आणि पोरांनी पानावर हाय तसं केलं. सगळं दही फडक्यात टांगलं. सकाळी सहाला चक्क्यात साखर बी पडली."

"एक चमचाभरसुद्धा उरलं नाही?"

"चमचा धुऊन ठेवलाय."

हा दूध संघ कोल्हापूर आणि सांगलीच्या मधे कुठंतरी होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या सायकलवाल्याकडे माझी एक सायकल अजून अडकलेली आहे. साल त्र्याण्णव, पाडवा पाच दिवसांवर. आमच्या संघाच्या श्रीखंडाची ख्याती अशी की पातेल्यात उलथनं उभं केलं तर पाडव्याला उभं केलेलं अक्षय तृतीयेला आडवं व्हायचं. आता तुम्ही म्हणाल थाप. असेल. पण खाल्लेल्या माणसानं आजवर मला थाप म्हटलेलं नाही.

त्या श्रीखंडाची सगळी करामत विरजणात होती आणि विरजण घुगरेमामांच्या हातात. विरजणघर म्हणजे आठ बाय आठची एक खोली, एक फळी, फळीवर झाकलेले डबे. रोजच्या दह्यातलं डबाभर बाजूला काढायचं, उद्याच्या दुधाला लावायचं. संघ सुरू झाला त्या दिवसापासून एक दिवस खाडा नाही. संघ नुसतं दही विकत नसे. होईल तेवढं चक्क्याला जाई. म्हणजे दुकानात जाऊन आपलंच दही विकत आणावं, तर तीही सोय नव्हती.

आणि मी? मी चोवीस वर्षांचा, पुण्याहून आणलेल्या मशीनचा एकुलता एक मानकरी. मशीन कपाटाएवढं. टेबलावरच्या पीसीहून मोठं, बँकेतल्या खोलीभर यंत्राहून लहान. पुण्याचे इंजिनिअर त्याला 'मिडरेंज' म्हणत, आमचे लोक 'थोरला' म्हणत. थोरल्याला एसी लागे, त्यामुळे मार्च उजाडला की अख्ख्या संघाला संगणकाविषयी जिज्ञासा उत्पन्न होई.

"हे शून्य आलं कुठनं?" मामांनी विचारलं.

सांगणं भाग होतं. "मामा, 'फोड' नावाचा माझा एक प्रोग्रॅम आहे. त्याला श्रीखंड दिलं की तो विचारतो, हे कशाचं? चक्क्याचं. मग चक्का कशाचा? दह्याचा. दर वेळी प्रश्न तोच, म्हणून मी लिहिलं की त्यानं खालच्या जिनसेसाठी स्वतःलाच परत बोलवावं. पण या मशीनची आरपीजी भाषा ते चालवून घेत नाही. एक काम अर्धवट हातात असताना त्याच प्रोग्रॅमला पुन्हा हाक मारली की तो अडून बसतो."

"बरोबरच हाय की. भाकरी थापत बसलेल्या बाईला मधेच म्हणायचं, ऊठ, दुसरी भाकरी थाप. पीठ तोंडावर मारंल."

"म्हणून मी त्याच्या नऊ नकला केल्या. फोड-एक, फोड-दोन, अशा. पहिला दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला."

"एका चुलीवर नऊ जावा."

"चाललं होतं झकास. तिसरा विचारायचा, दही कशाचं? दुधाचं आणि विरजणाचं. चौथा विचारायचा, विरजण कशाचं?"

"दह्याचं."

"आणि दही?"

"विरजणाचं—" मामा थांबले. "आयला."

"नवव्यानं दहाव्याला हाक मारली. दहावा नव्हताच. आठवड्यापूर्वी साहेबांनी हुकूम काढला, उद्यापासून सगळं काम मशीनच्या पानावर. माझ्याकडे एक संध्याकाळ होती. मी विरजणाच्या खालची ओळच तोडून टाकली. विरजण कशाचंच नाही. शून्य."

"आठवडाभर पानावर शून्यच हुतं?"

"हो. तुम्ही न विचारता डबा काढून ठेवत होतात, म्हणून कोणाला कळलं नाही."

मामा खुर्चीवर बसले. थोरल्यासमोर ते कधी बसत नसत. "शिंत्रेसाहेब म्हणालेत, बारापर्यंत आपलं विरजण उभं करा. न्हाईतर पुण्याला फोन करून पावडर मागवतो आणि विरजणघराला कुलूप. कायमचं. म्हणाले, घुगरे, रजा टाकताना सांगून जायची अक्कल नव्हती?" मग हळूच म्हणाले, "मे महिन्यात मी रिटायर हाय. कुलूप घालून जाऊ व्हय?"

घड्याळात साडेनऊ वाजले होते.

"हॉटेलातलं दही आणू?"

"त्याला तार सुटती. शेंबडासारखं लोंबतंय. आपलंच पायजे. वाटीभर आपलं दही बाराला मिळालं तर रात्रीपर्यंत कॅन, उद्या टाकी, परवा चक्का, तेरवा श्रीखंड. वाटीभर फक्त." त्यांनी बगलेतून एक स्टीलचा डबा काढला, वर संघाचा ठसा. आवाज आणखी खाली गेला. "चौगुल्याच्या घरी जा. बायकोला म्हणावं, तुमचं दही कुठलं ते मला ठाऊक हाय."

"कुठलं?"

मामांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. फाटकावर पाटी होती: संघाचा कोणताही माल बाहेर नेणारास तात्काळ बडतर्फ करण्यात येईल. खाली सही शिंत्रे, व्यवस्थापक.

"जा म्हटलं. आज माझी झडती हुईल. तुमची न्हाई."

चौगुले आमचा बॉयलरवाला. त्याचं घर संघाच्या वसाहतीत पहिलंच. चौगुलेवहिनी दारात गहू पाखडत होत्या. मी निरोप सांगितला तसं सूप थांबलं.

"अगं बाई. दही संपलं की हो काल. मी रोज नदाफभाभीकडनं आणते. आज तिकडनंच आणणार हुते." त्यांनी आत जाऊन एक वाटी आणली. "निघालाच हाय तर माझ्यासाठी बी आणा चमचाभर."

वाटीवर नाव घातलेलं होतं: सौ. सुलोचना पि. चौगुले. मी ती डब्यावर ठेवली.

नदाफ टँकर चालवायचा. भाभी ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होती. माझ्या हातातला डबा आणि वाटी बघून हसली. "संगणकवाल्यांनी भांड्याचा धंदा काढला काय?"

"भाभी, दही हवंय. तुमच्याकडचं."

"सुलोचनानं पाठवलं ना? तिला सांगा, मीच बसलेय वाट बघत. मी बडे घरातून आणते. परवा शेवटची वाटी मिळाली. काल तिथं पण दुष्काळ." मिरचीचा हात पुसून तिनं आतून वाटी आणली आणि चौगुलेवहिनींच्या वाटीत ठेवली. हु. बा. नदाफ. "माझी पण भरून आणा. ह्यांना कढी पाहिजे, नाहीतर टँकरपेक्षा मोठा हॉर्न वाजवतात."

"बडं घर कुठलं?"

भाभीनं हनुवटीनं दाखवलं. मी वळून पाहिलं. शिंत्रेसाहेबांचा बंगला.

मागल्या दारानं गेलो. शिंत्रेबाई मोठ्या घरच्या, नाकी मोठी नथ, बोलणं मऊ. मी दही म्हटल्याबरोबर त्यांनी आधी दार लोटलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं? हे बघा, साहेबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना वाटतं मीच घरी लावते. वीस वर्षं मुंबईला राहिले, त्यांना माझं दही कधी आवडलं नाही. इथं आल्यावर म्हणाले, मालू, तुला हात आला. आता काय सांगू त्यांना?"

"मी बोलणार नाही बाई. पण तुम्ही आणता कुठून?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "घुगऱ्यांकडून."

"कोण घुगरे?"

"तुमच्या विरजणघरातले. त्यांच्या मंडळींकडून. कालपासून दोनदा माणूस पाठवणार होते, पण लाज वाटली." मग त्यांचीही वाटी आली, लग्नात मिळालेली, जड, काठाला नक्षी: चि. सौ. कां. मालती हिस मामांकडून. ती उतरंडीच्या डोक्यावर बसली.

मी बंगल्याच्या कुंपणापाशी थांबलो. हातात डबा, डब्यावर वाटी, वाटीत वाटी, त्यात वाटी. प्रत्येकीवर जिथं परत जायचं त्या घराचं नाव. घड्याळात साडेदहा. आणि मी निघालो होतो मामांकडून मामांकडेच. दही विरजणाचं, विरजण दह्याचं. माझा नववा फोड कसा वेडा झाला असेल ते तेव्हा मला कळलं.

घुगरेमामी अंगणात बसून वाती वळत होत्या. काळ्या, बारक्या, दात पडलेले. त्यांनी उतरंडीकडे पाहिलं, वरची वाटी ओळखली, खालची ओळखली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुणी धाडलं?"

"मामांनी."

"आमच्याकडं न्हाई. हे प्लान्टमधनंच आणत्यात रोज." जीभ चावली. "म्हंजे आणत न्हाईत."

"मामी, प्लान्टमध्ये दही उरलेलं नाही. बारापर्यंत मिळालं नाही तर विरजणघराला कुलूप. मामांच्या हातून."

वातींचं ताट बाजूला ठेवून मामी उठल्या. "सव्वीस वर्सं घरातल्या पोरापेक्षा त्या डब्याला जपलंय ह्या माणसानं. लग्नात येवढं जपलं न्हाई मला." चुलीमागच्या कोनाड्यात त्यांनी हात घातला आणि एक मडकं काढलं. "काल हे जत्रेला गेल्ते, म्हणून आणलं न्हाई. कालचं न्हाईच. पण परवाचं तसंच ऱ्हायलंय, खाणारं कोण हुतं? आंबून गेलंय बघ. ह्येनं चालंल?"

वासानं माझे दात आंबले. पण बोटानं हलवलं तर दही घट्ट, चकचकीत, एकसंध. तार नव्हती.

"चालेल मामी. जिवंत आहे."

"वाटी आण." मामींनी सगळं दही वरच्या वाटीत ओतलं. स्वतःची वाटी काही त्यांनी दिली नाही. "आमचं नाव कशाला त्यात. जा, पळ."

आता पळ म्हणणं सोपं आहे. चार भांड्यांची उतरंड, वरची वाटी काठोकाठ, आणि मार्चचं ऊन. त्या रस्त्यानं मी कसा गेलो ते बघायला तीन कुत्री आणि एक म्हैस थांबली होती. म्हशीनं मान हलवून वाट दिली, हे मी शपथेवर सांगतो.

आधी बंगला. शिंत्रेबाईंनी चमचाभर काढून घेतलं, उरलेलं खालच्या वाटीत ओतलं, आपली वाटी उचलून आत नेली. त्याशिवाय खालच्या वाटीला हात लागतच नव्हता. मधली ओढायला गेलं की सगळं सांडणार. मग नदाफभाभी. तिनं दोन चमचे घेतले, वर म्हणाली, "कढी आहे, कमी पडायला नको." उरलेलं खालच्या वाटीत, तिची वाटी तिच्याकडे. मग चौगुलेवहिनी. जिनं शेवटी वाटी दिली तिची आधी सुटली, जिनं आधी दिली तिची शेवटी. कोणाचं कोणाकडे गेलं नाही, आणि कुठली वाटी कुठं द्यायची हे मला एकदाही आठवावं लागलं नाही. वर असेल ते नाव वाचायचं आणि त्या घरी जायचं.

फाटकात आलो तेव्हा माझ्या हातात एकच भांडं उरलं होतं. संघाचा डबा, तळाशी अर्ध्या वाटीएवढं दही.

बाराला दहा कमी. विरजणघराच्या दारात शिंत्रेसाहेब घड्याळ बघत उभे, शेजारी घुगरेमामा मान खाली घालून.

"सोनटक्के, तुम्ही इथं काय करताय?"

मी डबा मामांच्या हातात दिला. मामांनी झाकण काढलं, वास घेतला, आणि आत जाऊन दुधाच्या कॅनपाशी बसले.

"साहेब, पानावरचं शून्य माझं आहे. मामांची चूक नाही. मी विरजणाची ओळ तोडली होती."

"ते नंतर बघू. हे दही कुठून आलं?"

आतून मामांचा चमचा वाजायचा थांबला. साहेबांच्या पाठीमागं, लांब फाटकावर, ती पाटी दिसत होती. खरं सांगितलं असतं तर चार घरं आणि त्यातलं एक साहेबांचं. मी तोवर आयुष्यात धड खोटं बोललो नव्हतो. तुमचा विश्वास बसणार नाही, पण खरंच.

"माझं आहे साहेब. घरचं. माझी आई देते."

"संघाच्या डब्यात?"

"माझा डबा गळतो. हे आमच्या आईचं विरजण फार जुनं आहे साहेब. तिच्या आजीनं काशीहून आणलेलं. तांब्याच्या लोट्यात. वाटेत नर्मदेला पूर आला, तर होडीवाला म्हणाला, लोटा टाका, नाहीतर होडी बुडते. तर आजीनं आजोबांना उतरवलं आणि लोटा ठेवला."

 शिंत्रेसाहेब आत गेले, डब्याच्या काठाला लागलेलं दही करंगळीवर घेतलं आणि चाखलं.

"आंबट आहे," ते म्हणाले. "पण चव ओळखीची आहे." रुमालाला बोट पुसलं. "पुण्याला फोन करायची गरज नाही, घुगरे. आणि सोनटक्के, ते शून्य आजच्या आज काढा."

शून्य निघालं. नऊ जावांना मी निरोप दिला आणि एकच प्रोग्रॅम लिहिला. तो स्वतःला बोलवत नसे. अर्धवट राहिलेली जिन्नस तो एका यादीत वर ठेवी, तिच्यावर पुढची, आणि काम झालं की वरून एकेक उतरवी. आणि फोडायच्या आधी विचारी, हे कालचं शिल्लक आहे का? असेल तर तेवढं वापरून थांब. नाव ठेवलं 'उतरंड'. पुण्याचे इंजिनिअर आले तेव्हा म्हणाले, ही पद्धत कुठल्या पुस्तकातून घेतली? मी म्हटलं, नदाफभाभीच्या. ते पुस्तकाचं नाव लिहून घेऊन गेले.

पाडवा झाला. उलथनं उभं राहिलं.

मामांना मी एकदा विचारलंच. "तुमच्या घरी परवाचं मडकं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नक्की न्हाई, पर वाटलं हुतं."

"मग सरळ तिकडं का नाही पाठवलंत? चार दारं हिंडवलीत मला."

मामा डब्यावर फडकं बांधत होते. "तुम्हीच म्हणलात की. काम अडकलं आसताना आपणच आपल्याला हाक मारायची न्हाई. चालत न्हाई म्हणून." आणि गालातल्या गालात हसले. "आणि वाटंत कुणाकडं तरी घावंल आसं बी वाटलं. म्हंजे माझं नाव निघालं नसतं."

मे महिन्यात त्यांचा निरोपसमारंभ झाला. श्रीफळ, शाल, भाषणं. शिंत्रेसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोनटक्के, तुमच्या आईंना माझा नमस्कार कळवा. त्यांच्या विरजणानं आमचा पाडवा वाचला."

"कळवतो साहेब."

"बरं." ते निघाले, दोन पावलांवर थांबले. "तुमचा नोकरीचा अर्ज मीच वाचला होता." आणि गेले.

त्या अर्जात आईच्या नावामागं 'कै.' लिहिलेलं होतं. ती गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो.

काशीच्या लोट्याची गोष्ट एव्हाना वसाहतीत पसरली होती. नदाफभाभी तर आजोबांना पोहायला लावून पैलतीरी नेत असे. घुगरेमामींपर्यंतही ती गेली असणार. दोन्ही वेळ खाणावळीत जेवणारं, दिवाळीलाही गावी न जाणारं पोर आईचं दही म्हणतं, यावर त्यांनी मला काही विचारलं नाही. समारंभानंतरच्या सोमवारी मामा खाणावळीत आले आणि माझ्या ताटाशेजारी दह्यानं भरलेली एक नवी वाटी ठेवून गेले.

दही खाऊन झाल्यावर नाव दिसलं. चि. दिगंबर सोनटक्के यास, आईकडून.

थोरला पुढं भंगारात गेला. संघाच्या फाटकावर आता दुसरी पाटी आहे म्हणतात. आज सकाळी शेजारच्या मिसेस कदम विरजण मागायला आल्या, तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरातून दही काढून दिलं. त्यांची नजर ओट्यावरच्या त्या जुन्या वाटीवर होती.

"त्याच्यातच द्या ना, धुऊन आणून देते."

मी म्हटलं, "नको, तुमची वाटी आणा. ही बाहेर जात नाही."